नव्या सभासदाचें स्वागत आणि संस्थेचें आयुष्य

आपल्याकडे संस्था निघतात पुष्कळ आणि टिकतात थोड्या, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको. एखाद्या गांवांत कर्जाची सोसायटी निघते, नदीवरून पाणी उपसण्याची सहकारी योजना उभी राहते, दूध गोळा करणारा संघ सुरू होतो. पहिलीं दोन वर्षें सभेस बसावयास जागा पुरत नाहीं. आणि दहा वर्षांनीं पाहावें तों दाराला कुलूप, फळ्यावर जुनीच सूचना आणि दप्तर कोणाच्या तरी माळ्यावर. असें कां झालें म्हणून विचारिलें तर उत्तरें ठरलेलीं असतात: थकबाकी वाढली, राजकारण शिरलें, पावसानें दगा दिला, सरकारनें लक्ष दिलें नाहीं. हीं उत्तरें खोटीं नाहींत. परंतु प्रस्तुत लेखकाचें मत असें आहे कीं, हीं दुखणीं बहुधा मागाहूनचीं होत. मूळ दुखणें त्यांच्या पुष्कळ आधीं जडलेलें असतें, आणि तें हिशेबाच्या वहींत दिसत नसून संस्थेच्या दारांत दिसतें. नवा मनुष्य दारांत आला असतां त्यास काय वागणूक मिळते, आणि आंतल्या दांडग्या मनुष्यास कोणी आवरतो कीं नाहीं, या दोन गोष्टी पाहिल्या म्हणजे संस्था चढतीला आहे कीं उतरतीला, हें सांगतां येतें.

मीं कोणत्याही शास्त्राचा अभ्यास केलेला नाहीं. मराठी शाळेपुरतें शिक्षण आणि पुढें महसूल खात्यांतील कारकुनी, एवढीच माझी शिदोरी. पण अर्ज, फेरफार, याद्या आणि उतारे यांत जन्म घालविणाऱ्यास एक गोष्ट पक्की कळते. अर्ज नामंजूर झाल्यानें मनुष्य जितका दुखावतो त्याहून अधिक तो “उद्यां या” या दोन शब्दांनीं दुखावतो. नामंजुरीवर अपील करतां येतें. “उद्यां या” यावर अपील नाहीं. तीन वेळां परत गेलेला मनुष्य चवथ्या वेळीं येत नाहीं, आणि आपण मात्र वहींत लिहितों कीं, अर्जदार गैरहजर.

प्रथम आपल्या शेजारचेंच उदाहरण घेऊं. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं वेगळा झाला; त्यापूर्वीं धुळें आणि आपण एकाच जिल्ह्यांत नांदत होतों. त्या धुळें जिल्ह्यांत पांझरा नदीच्या कांठीं, आणि नाशिक जिल्ह्यांत बागलाणाकडे मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं, फडपद्धतीनें शेती भिजविण्याची रीत तीनशें वर्षांहून अधिक काळ चालत आली. नदीला बंधारा घालावा, त्यांतून पाट काढावा, आणि पाटाखालच्या जमिनीचे मोठे मोठे फड पाडावे. एका फडांत एका हंगामांत सर्वांनीं एकच पीक घ्यावें आणि पुढें तें पीक फिरवावें, अशी ही व्यवस्था. खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत थोडी थोडी विभागलेली. पाणी वांटावयाचें तें पाटकऱ्यानें, उभ्या पिकाची राखण करावयाची ती जागल्यानें, त्यांच्यावर देखरेखीस हवालदार, आणि या सर्वांवर खातेदारांनींच निवडलेले पंच. पाट साफ करण्याच्या वेळीं खातेदारांनीं श्रम द्यावयाचे. चाकरांचा मेहनताना पूर्वीं धान्याच्या रूपानें ठरलेला असे.

या व्यवस्थेचें मर्म अवर्षणाच्या सालीं दिसे. नदीला पाणी कमी असलें कीं पंच मोजकेच फड भिजवीत. आणि प्रत्येकाची जमीन निरनिराळ्या फडांत असल्यामुळें तूट एकट्या दुबळ्याच्या माथीं न पडतां सर्वांच्या वांट्यास येई. आपल्या विषयाच्या दृष्टीनें याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पाण्याचा हक्क जमिनीशीं जोडलेला होता. फडांत जमीन ज्याच्या हातीं आली तो फडाचा खातेदार झाला. त्याला तीच पाळी, तोच नियम आणि तोच दंड. पाण्यासाठीं त्याला कोणाची मर्जी संपादावी लागत नसे. शिवाय नियम कोणा एकाच्या मनांत किंवा कपाटांत राहत नसून शेतावर सर्वांच्या डोळ्यांसमोर चालत असे. म्हणून नवा मनुष्य एका हंगामांत सर्व कांहीं शिकून घेई.

पुढें नदीच्या वरच्या अंगास लाटीपाडा, अक्कलपाडा अशीं धरणें झालीं. पाण्याचीं सूत्रें पंचांच्या हातून पुष्कळशीं सरकारी खात्याकडे गेलीं. ज्याच्या त्याच्या शेतांत विहीर आणि मोटार आली. ज्याला घरचें पाणी मिळालें त्याला फडाचा पीकनियम जाचक वाटूं लागला. एकानें फडांत आपल्यापुरता ऊस लावला कीं दुसऱ्यासही तो लावावासा वाटतो; आणि पंचांनीं पहिल्याकडे कानाडोळा केला असेल तर दुसऱ्यास बोलावयास त्यांस तोंड राहत नाहीं. फड ठिकठिकाणीं विसकटत गेले ते असे. धरण आणि मोटार हीं कारणें बाहेरचीं, हें खरें. पण बाहेरचा घाव आंतल्या कानाडोळ्यावांचून खोल जात नाहीं. फडाचा पहिला धडा हाच: जो नियम नव्याला लागतो तो जुन्याला आणि बड्याला लागला पाहिजे. नाहीं तर नव्याला तो नियम वाटत नाहीं, अडवणूक वाटते.

आतां सातपुड्याकडे वळूं. अक्राणी आणि अक्कलकुवा या बाजूस पावरा व भिल्ल बांधवांत “लाह” म्हणून रीत आहे. एखाद्याचें निंदणीचें, कापणीचें किंवा घर शाकारण्याचें काम एकट्याच्यानें होण्यासारखें नसलें म्हणजे तो हांक देतो. पाड्यावरचे लोक आपापलीं हत्यारें घेऊन येतात, काम उरकतात, घरधनी त्या दिवशीं सर्वांस जेवूं घालतो. मजुरी नाहीं, पावती नाहीं. उद्यां दुसऱ्याची हांक आली म्हणजे यानें जावयाचें. सपाटीवरचे आपण शहाणे लोक या रीतीला मागासलेली म्हणून हसलों. पण स्वागताची याहून उत्तम युक्ति मला दुसरी माहीत नाहीं. नव्या जावयास, नव्यानें वस्तीस आलेल्यास, तरण्या पोरास त्या दिवशीं भाषण ऐकावें लागत नाहीं. त्याच्या हातांत विळा येतो. दुपारपर्यंत त्याचें नांव सर्वांस माहीत होतें आणि संध्याकाळीं तो पंक्तीला बसतो. ज्याच्या हाताला काम मिळालें तो आपला झाला, हा त्या रीतीचा अर्थ आहे. आपल्या संस्थांत उलट घडतें. नव्या सभासदाकडून भागाचे पैसे घेतात, अंगठा किंवा सही घेतात, आणि मग त्याची आठवण निवडणुकीच्या सालीं होते.

तिसरी गोष्ट संबोधनाची. तळोदा तालुक्यांतील मोरवड येथील गुलाम महाराजांनीं १९३८ च्या सुमारास आरतीसाठीं लोक जमविण्यास आरंभ केला, तेव्हां हजारोंच्या संख्येनें आदिवासी बांधव तेथें लोटले. त्यांनीं दारू सोडण्याचा उपदेश केला, स्वच्छतेचा केला. पण लोकांच्या जिव्हारीं लागलेली गोष्ट निराळीच होती. त्यांनीं सांगितलें कीं, एकमेकांस “आप” म्हणून हांक मारावी. ज्यांना सावकार, जमीनदार आणि शिपाई जन्मभर “ए” आणि “अरे” म्हणत आले, त्यांनीं परस्परांस “आप” म्हणावयाचें! त्या पंथाला नांवच आपधर्म असें पडलें. महाराज त्याच वर्षीं वारले; बंधु रामदास महाराज यांनीं कार्य पुढें चालविलें. धर्ममतांची चर्चा करण्याचें हें स्थळ नव्हे. मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, एका आदरार्थी शब्दानें एवढें मोठें दार उघडतें. तें लक्षांत ठेवून आपल्या कचेरींत क्षणभर कान देऊन बसावें. मोटारसायकलीवरून आलेल्या बागायतदारास “या आबा, बसा नाना” आणि अनवाणी आलेल्या खातेदारास “काय रे, काय पाहिजे?” असें आपल्याकडे होतें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें पाहावें.

नियम सर्वांस सारखा, हाताला काम, आणि तोंडांत आदर. संस्थेचें दार या तीन गोष्टींनीं उघडें राहतें. कायद्यानें तें उघडें राहील अशी कित्येकांची समजूत आहे, म्हणून कायद्याचाही विचार करूं.

आपल्या देशांत सहकारी पतपेढ्यांचा पहिला कायदा १९०४ सालीं झाला, आणि पुढच्याच वर्षीं त्या वेळच्या मुंबई इलाख्यांत गदगजवळ कणगिनहाळ येथें पहिल्या सोसायट्यांपैकीं एक निघाली. त्यानंतर अर्ध्या शतकानें ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी करण्यांत आली. गोरवाला हे त्या समितीचे अध्यक्ष आणि आपले धनंजयराव गाडगीळ हे एक सभासद. १९५४ सालीं अहवाल प्रसिद्ध झाला त्यांत असें दिसून आलें कीं, शेतकरी जें कर्ज काढतो त्यांतील शंभरांपैकीं अवघे तीन रुपये सहकारी संस्थांकडून येतात आणि जवळजवळ सत्तर रुपये सावकारांकडून. पन्नास वर्षें दार उघडें होतें आणि आंत तीनच रुपये आले! समितीनें कारण शोधलें तेव्हां तिला आढळलें कीं, गांवांतील बळवंतांचें वजन सोसायटीवरही पडत होतें आणि लहान शेतकरी तिच्यापासून दूरच राहत होता. दार कागदावर उघडें होतें. उंबऱ्यावर मात्र कोणी तरी बसलेला होता.

महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकारी संस्था कायद्यांत या दुखण्यावर औषध आहे. पात्र मनुष्यास पुरेशा कारणावांचून सभासदत्व नाकारूं नये असें त्यांत स्पष्ट म्हटलें आहे. नाकारल्यास कारणासह कळवावें. आणि तीन महिन्यांत कांहींच न कळविल्यास अर्जदार सभासद झाला असें समजावें, असेंही आहे. म्हणजे “उद्यां या” यावर अपील नाहीं असें मीं वर लिहिलें, तें सहकारी संस्थेपुरतें कायद्यानें दूर केलें आहे. परंतु या तरतुदीचा लाभ घेण्यास अर्जाची पोच हातांत असावी लागते. आणि पोच मागण्याचें धैर्य त्याच मनुष्याजवळ नसतें ज्याला या तरतुदीची गरज आहे. कायदा दाराची कडी काढतो. “आंत या” असें मात्र माणसानेंच म्हणावें लागतें.

येथें कोणी म्हणेल कीं, दार असें सताड उघडें टाकलें तर वाटेल तो शिरेल आणि संस्थेचा बाजार होईल. ही शंका निराधार नाहीं, आणि तिचा दाखला सहकाराच्या माहेरघरींच सांपडतो. विलायतेंत रॉचडेल गांवीं १८४४ सालीं २८ कारागिरांनीं सामायिक दुकान काढलें आणि प्रत्येक सभासदास एकच मत हा नियम पाळला. तेथल्याच पुढाऱ्यांनीं १८५४ सालीं सहकारी कापडगिरणी उभारली. नफ्यांतील कांहीं वांटा मजुरांना द्यावयाचा, असा तिचा मूळ उद्देश. गिरणी भरभराटली, तसे नवे भागीदार लोटले. त्यांतील पुष्कळांना मूळ उद्देशाशीं कर्तव्य नव्हतें. व्याजापेक्षां नफा बरा म्हणून ते आलेले. १८६२ सालीं त्यांनीं बहुमतानें मजुरांचा वांटा बंद केला, आणि ती गिरणी इतर गिरण्यांसारखी एक गिरणी झाली. कोणीं दार बंद केलें नव्हतें. पण आंत येणाऱ्यास आपण कशासाठीं जमलों आहों हें कोणीं सांगितलेंही नव्हतें.

आपल्याकडे याचाच दुसरा प्रकार होतो. निवडणूक जवळ आली कीं गठ्ठ्यानें सभासद केले जातात. भागाचे पैसे कोणी दुसराच भरतो, आणि मतदान झालें कीं ते सभासद पुन्हां संस्थेची पायरी चढत नाहींत. घटनेच्या सत्याण्णवाव्या दुरुस्तीनंतर २०१३ सालीं आपल्या राज्याच्या कायद्यांत “क्रियाशील सभासद” ही कल्पना आली. पांच वर्षांत निदान एका सभेस हजर राहावें आणि संस्थेच्या सेवेचा ठरलेला किमान उपयोग करावा, असा तिचा आशय. पुढें या तरतुदींत फेरबदल झाले. पण मूळ विचार रास्त होता. मात्र गंमत अशी कीं, अशा नियमाचा धाक खोट्या सभासदापेक्षां दूरच्या पाड्यावरील गरीब सभासदालाच अधिक बसतो. खोट्याला आणावयास गाडी जाते. गरिबाला सभेची सूचनाही वेळेवर मिळत नाहीं.

तेव्हां दार किती उघडें ठेवावें हा प्रश्न अपुरा आहे. आंत आल्यावर त्याला काय शिकविलें, कोणतें काम दिलें, आणि कोणीं त्याचा हात धरला, हा खरा प्रश्न होय. न शिकवितां शंभर माणसें घेतलीं तर तीं संस्था बदलून टाकतात, आणि कोणालाच न घेतलें तर संस्था जुन्या माणसांबरोबर म्हातारी होते. पेरणी दाट झाली तरी पीक बसतें आणि विरळ झाली तरी तण माजतें. दोन्हींवर उपाय एकच, वेळच्या वेळीं निंदणी.

निंदणीचा विषय निघाला म्हणून त्या दांडग्या माणसाविषयीं लिहितों. प्रत्येक संस्थेंत असा एक असतोच. बहुधा तो जुना असतो, कामाचाही असतो. त्यानें आरंभीं कष्ट केलेले असतात. म्हणूनच त्याला कोणी बोलत नाहीं. नव्या माणसानें सभेंत प्रश्न विचारला कीं हा हंसतो. “तुझा बाप तरी कधीं सभेला आला होता काय?” असें म्हणतो. चारचौघे त्या हंसण्यांत हंसतात, अध्यक्ष महाराज कागद चाळीत राहतात, आणि इतिवृत्तांत लिहिलें जातें कीं, चर्चेअंतीं विषय सर्वानुमतें मंजूर. त्या क्षणीं संस्थेचें काय गेलें तें कोणत्याही वहींत नोंदलें जात नाहीं. प्रश्न विचारणारा पुढच्या सभेस येत नाहीं. त्याचे दोन शेजारी येत नाहींत. मग समंजस जुने सभासद, ज्यांना भांडणाचा कंटाळा आहे, तेही घरीं बसूं लागतात. शेवटीं गणपूर्ति होत नाहीं. सभा अर्धा तास तहकूब होते, आणि त्याच ठिकाणीं, त्याच सात डोक्यांत, गणपूर्तीवांचून उरकली जाते. उरलेले सातजण एकमेकांस सांगतात, “पाहिलेंत? लोकांना आस्थाच नाहीं.” माझ्या पाहण्यांत ज्या संस्था बुडाल्या त्यांत हें वाक्य मीं थकबाकीच्या आधीं ऐकलें आहे. थकबाकी मागाहून आली, आणि येणारच होती. जी संस्था मनुष्यास आपली वाटत नाहीं तिचें कर्ज फेडण्याची घाई त्याला कोठून असणार?

आतां हें सर्व आजच लिहिण्याचें कारण सांगतों. आपल्या जिल्ह्यांत सध्यां नव्या शेतकऱ्यांचे दोन मोठे वर्ग आहेत, आणि दोघेही आपल्या दारांत उभे आहेत.

पहिला वर्ग सरदार सरोवरानें विस्थापित झालेल्यांचा. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गांवें त्या धरणाच्या पाण्यानें बाधित झालीं. तेथील कित्येक कुटुंबें तळोदा व शहादा तालुक्यांत सपाटीवर येऊन राहिलीं. सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर हीं नांवें आतां सर्वांस परिचित आहेत. डोंगरउतारावर पावसाच्या भरंवशावर ज्वारी, भगर करणाऱ्या माणसानें काळ्या जमिनींत कापूस करावयाचा, औषधें फवारावयाचीं, व्यापाऱ्याशीं वजनकांट्यावर हुज्जत घालावयाची. यांतलें त्याच्या वाडवडिलांनीं कधीं केलेलें नाहीं. अशा माणसास शेतकरी संघाची गरज आपल्याहून दसपट आहे. आणि इतकीं वर्षें होऊनही “ते वरचे लोक” हा शब्द आपल्या तोंडून गेलेला नाहीं.

दुसरा वर्ग वनहक्कधारकांचा. २००६ च्या कायद्यानें ज्यांना कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मिळाला ते हे लोक. त्यांच्याजवळ जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचें प्रमाणपत्र आहे. हा हक्क वारसांकडे जातो, पण ती जमीन विकतां येत नाहीं. म्हणून तारणाच्या कर्जाची अडचण समजण्यासारखी आहे. पण बियाणें, खत, फवारणीची माहिती, मालाची एकत्र विक्री आणि सभेंतील सतरंजीवरची जागा यांना गहाणखत लागत नाहीं. “सातबारा आणा, मग पाहूं” हें उत्तर त्यांना ज्या ज्या ठिकाणीं मिळतें तेथें तें नियमानें मिळतें कीं संवयीनें, हें त्या त्या चिटणीसांनीं आपल्या पोटनियमांत शोधून पाहावें. महसुली कागद जन्मभर हाताळलेल्या माणसाचें हें सांगणें आहे कीं, कागद माणसाची ओळख पटविण्यासाठीं असतो, माणूस टाळण्यासाठीं नव्हे.

याच्या जोडीस आपल्या घरांतलाच तिसरा वर्ग आहे, तो म्हणजे बायकांचा. मिरची तोडते ती, कापूस वेंचते ती, आणि सभासद मात्र घरधनी. कायद्यानें समितींत त्यांच्यासाठीं दोन जागा राखल्या आहेत. त्या जागेवर निवडून आलेल्या बाईच्या ऐवजीं तिचा यजमान येऊन बसत असेल तर ती जागा भरली असें म्हणतां येणार नाहीं.

हे लोक आपल्याकडे आले नाहींत तर ते अधांतरीं राहणार नाहींत. दारांत उधारीवर बियाणें देणारा आणि त्या मोबदल्यांत सारें पीक उचलणारा व्यापारी त्यांचें स्वागत करावयास तयारच आहे. तो त्यांना “या दादा” म्हणतो, चहा पाजतो, आणि उतारा मागत नाहीं. आपली स्पर्धा त्या चहाशीं आहे, हें आपण विसरतों.

यास्तव आपल्या संघाच्या वार्षिक सभेपुढें कांहीं साध्या सूचना ठेवण्याची परवानगी घेतों. यांस पैसा लागत नाहीं.

एक, सभासदत्वाच्या प्रत्येक अर्जाची पोच त्याच दिवशीं द्यावी, आणि निर्णयाची तारीख त्या पोचेवरच लिहावी. नकार द्यावयाचा तर कारण लेखी द्यावें.

दोन, पोटनियमांतील जेवढें सभासदास नित्य लागतें तेवढें एका पानावर सोप्या मराठींत छापावें. आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस तें अहिराणींत, पावरींत किंवा भिलोरींत कोणी तरी वाचून दाखवावें. “आपण कशासाठीं जमलों आहों” हें वाक्य त्या पानावर पहिलें असावें.

तीन, प्रत्येक नव्या सभासदामागें एक जुना सभासद सोबती म्हणून नेमावा. पहिल्या सभेस त्यानें त्याला बरोबर आणावें, शेजारीं बसवावें, चारजणांशीं ओळख करून द्यावी. आणि पहिल्याच हंगामांत नव्यास कांहीं तरी काम द्यावें, मग तें बियाणें-वांटपाचें असो, कांट्यावर उभें राहण्याचें असो, कीं सतरंजी घालण्याचें असो. लाहेची रीत आपल्या कचेरींत आणावी.

चार, सभेंत कोणी कोणास उणें बोलला तर अध्यक्षांनीं तेथल्या तेथें, आवाज न चढवितां, समज द्यावी. तो मनुष्य जितका जुना व बडा तितकी ही समज अधिक अगत्याची. एकदां समज देणें दोघांनाही जड जातें. न देणें सर्व संस्थेला जड जातें.

पांच, जे येईनासे झाले त्यांची यादी दरवर्षीं करावी आणि दोघांनीं त्यांच्या घरीं जाऊन विचारावें, “कां येत नाहीं?” उत्तर कडू असलें तरी ऐकून घ्यावें. गैरहजर सभासद हा संस्थेचा सर्वांत खरा हिशेबतपासनीस असतो.

सहा, कोणीही एकाच पदावर लागोपाठ दोन मुदतींहून अधिक राहूं नये. जुन्यांनीं पद सोडावें म्हणजे संस्था सोडावी असा अर्थ नव्हे. ज्यानें विहीर खणली त्याचा मान विहिरीवर राहतोच; पण दोर दुसऱ्याच्या हातीं दिल्याशिवाय गांवाला पाणी मिळत नाहीं.

जुन्या सभासदांस यांत कोणास कमीपणा वाटल्यास तो माझ्या लेखणीचा दोष समजावा. त्यांनीं संस्था उभी केली, उन्हांतान्हांत भाग गोळा केले, बुडत्या वर्षांत पदरचे पैसे घातले, हें मी जाणतों. म्हणूनच ही विनंति त्यांस आहे, परक्यांस नाहीं. संस्था त्यांच्या मागें राहावी अशी त्यांची इच्छा असेल तर ती कोणाच्या हातीं राहणार, हें आजच पाहिलें पाहिजे. आणि तो मनुष्य कदाचित् त्यांच्या भाऊबंदांतला नसेल. रोझव्याच्या वसाहतींतला असेल, वनपट्ट्याचा धनी असेल, किंवा मिरची तोडणारी एखादी बाई असेल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा कायद्याप्रमाणें ३० सप्टेंबरपूर्वीं घ्यावयाच्या असतात. यंदाच्या सभेस प्रत्येक वाचकानें निदान एका अशा माणसास बरोबर आणावें, ज्यानें आजवर आपल्या सभेचें दार पाहिलेलें नाहीं. आणि तो आल्यावर पुढच्या रांगेंतील आपली जागा त्यास द्यावी. एवढें जरी झालें तरी वरील सूचनांचा विचार करावयास पुढच्या वर्षीं अधिक माणसें असतील, अशी प्रस्तुत लेखकास आशा आहे.